डेटा हॉलमधले दिवे रात्रभर चालू. बंद केले तर खरंच काही फरक पडतो का?

रात्रपाळी_महापे | रविवार, रात्री २:१०

नमस्कार मंडळी,

मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल बघतो. बहुतेक रात्रपाळीच. मूळ कराडचा, आयटीआय वायरमन, नंतर डिप्लोमा. म्हणजे थिअरी बेताची, हात काळे जास्त. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

प्रश्न साधा आहे, पण दोन महिने डोक्यात भुंगा झालाय.

आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर सर्व्हरचा एक जुना हॉल आहे, २०१० च्या सुमाराचा. २२० रॅकची (सर्व्हरच्या कपाटांची) जागा, निम्मे भरलेले. छताला ९६ पट्ट्या. प्रत्येक पट्टीत ३६ वॅटच्या दोन ट्यूब आणि चोक तोच, जुना तांब्याचा. घरी असता तर गुणगुणला असता, इथे पीएसीच्या (हॉल थंड ठेवणाऱ्या मोठ्या एसीच्या) घरघरीत कोण ऐकतो. चोक धरून एक पट्टी ९६ वॅट खाते. ९६ पट्ट्या, ९६ वॅट. योगायोग, पण पाठ करायला सोपं: ९.२ किलोवॅट.

या पट्ट्या चोवीस तास चालू असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आठ-आठ दिवस हॉलमध्ये चिटपाखरू फिरकलं नाही, तेव्हाही चालू. स्विच नाहीतच. डीबीतून (वीज वाटणाऱ्या पेटीतून) एमसीबी, एमसीबीतून पट्टी.

डिसेंबरात ऊर्जा बचत सप्ताह झाला. १४ तारखेला सगळ्यांना उभं करून शपथ दिली, पँट्रीच्या स्विचवर हिरव्या पानाचे स्टिकर लागले. त्या रात्री राउंडला निघालो तर पँट्रीतला नऊ वॅटचा बल्ब बंद. शिपायाने मनापासून बंद केलेला. आणि काचेपलीकडे रिकाम्या हॉलमध्ये १९२ ट्यूब लख्ख! मला हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं.

मग म्हटलं, मोजू तरी. लायटिंग डीबीवर एमएफएम (मीटर) आहे, तो रोजचे २२१ युनिट दाखवतो, म्हणजे हिशेब जुळला. टाँग टेस्टर लावला तर अँपिअर मात्र हिशेबापेक्षा बरेच जास्त. पट्ट्यांमधले कपॅसिटर कधीच मेलेत, पॉवर फॅक्टरची वाट लागलेली. एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) तो भार सांभाळून घेतं, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

हॉलमधला आयटी लोड, म्हणजे सर्व्हर वगैरेंची वीज, सध्या ३८० किलोवॅट. कूलिंग, यूपीएसचा लॉस, दिवे, सगळं धरून हॉलच्या वाट्याला ६५०. म्हणजे पीयूई (एकूण वीज भागिले आयटीची वीज) १.७. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या पाहणीत जगाची सरासरी १.५८ आली होती, त्यामुळे आम्ही फार वाईट नाही, चांगले तर नाहीच. त्या ६५० मध्ये दिवे ९.२. सव्वा टक्का म्हणा, दीड टक्का म्हणा.

पुढचं काम जरा चोरून केलं. दाराच्या कार्डाचा महिन्याचा लॉग काढला आणि हॉलमध्ये किमान एक माणूस किती वेळ होता ते मोजलं. दिवसाला सरासरी साडेतीन तास. रात्री १२ ते सकाळी ६ या वेळात अख्ख्या महिन्यात पाच वेळा दार उघडलं, त्यातले तीन वेळा मीच.

आणि आता गंमत बघा. मित्राकडून उजेड मोजायचा लक्स मीटर आणला. आइलच्या (रॅकच्या दोन रांगांमधल्या वाटेच्या) मधोमध, फरशीपासून एक मीटरवर, मीटर आडवा धरला तर ६१० लक्स. आरामात पेपर वाचावा असा उजेड! मग मीटर उभा करून रॅकच्या तोंडाशी, गुडघ्याच्या उंचीवर धरला. ४५. पट्ट्या बसवल्या तेव्हा रॅक आलेच नव्हते. पट्ट्या रॅकच्या रांगांना आडव्या आहेत, त्यामुळे निम्मा उजेड केबल ट्रेवर आणि कंटेनमेंटच्या (गार आणि गरम हवा वेगळी ठेवणाऱ्या आडोशाच्या) छतावर सांडतो. खालच्या यूमधला (रॅकच्या खणातला) सर्व्हर बदलायचा तर इंजिनिअर आजही डोक्याला टॉर्च बांधून बसतो. वर १९२ ट्यूब चालू असताना.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, दीड टक्क्यासाठी कशाला शहाणपणा? उद्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही तर तू उत्तर देणार का?" माणूस वाईट नाही, आणि बोलणं खोटंही नाही.

तर मला अनुभवी लोकांना विचारायचंय. एलईडी आधी करू की सेन्सर आधी? दिव्याचा एक वॅट वाचला की कूलिंगचा अर्धा वाचतो असं प्रत्येक ब्रोशरात लिहिलेलं असतं, ते खरं आहे का? आणि कुणाचा हॉल खरोखर अंधारात चालतो का, की ते फक्त सेल्सवाल्यांच्या स्लाइडमध्ये?

---

पंखेवाला_चिंचवड | रविवार, सकाळी ९:३५

भाऊ, मोजमाप एक नंबर. पण राग मानू नका, हे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मी एचव्हीएसीचा, म्हणजे एसी-व्हेंटिलेशनचा माणूस. तुमच्यासारख्या हॉलमध्ये दहा पीएसी तरी असतीलच, आणि २०१० चा माल म्हणजे पंखे बेल्टवर, एकाच वेगाने फिरणारे. एकेक पंखा साडेसात किलोवॅट धरू. झाले ७५ किलोवॅट. हॉल निम्मा रिकामा असला तरी ते पूर्ण वेगाने हवा फेकतात आणि निम्मी हवा कुठल्याही सर्व्हरमधून न जाता परत येते. पंख्याची वीज वेगाच्या घनात बदलते. वेग ८० टक्के केला की वीज ५१ टक्के. म्हणजे ७५ चे ३८. वाचले ३७ किलोवॅट, तुमच्या सगळ्या दिव्यांच्या चौपट. आणि तेही एकही मशीन बंद न करता. उलट दोन मशीन स्टँडबायला ठेवून आठ जोरात पळवण्यापेक्षा दहाच्या दहा हळू चालवणं स्वस्त पडतं. हे गणित लोकांना पटवता पटवता माझे केस गेले.

ब्लँकिंग पॅनल लावलेत का ते बघा. रिकाम्या यूमधून गरम हवा पुढे येते, मग पुढचा सर्व्हर तापतो, मग सगळ्या हॉलचा सेटपॉइंट खाली. प्लास्टिकच्या चार फळ्या नसल्यामुळे कॉम्प्रेसर पळतो. ॲशरेची (एसी इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची) शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची आहे. तुमच्याकडे किती ठेवलंय? मी पैज लावतो, २२.

ब्रोशरातल्या अर्ध्या वॅटचं विचारलंत. ती सरासरी आहे. एकूण कूलिंगची वीज भागिले एकूण उष्णता केली की तसा आकडा येतो. पण दिवे बंद केल्यावर तुमचे पंखे काही हळू होणार नाहीत, ते फिक्स स्पीड. कमी होईल फक्त कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरचा भाग. तुमच्या आकड्यांवर मी बसवून बघितलं, तर वॅटमागे ०.३३ च्या आसपास येतो. म्हणजे रुपयाला आठ आणे नव्हे, ३३ पैसे. तेही मीटरवर दिसले तर माझं नाव बदला.

---

रात्रपाळी_महापे | रविवार, दुपारी १२:०५

पैज जिंकलात. २२ अधिक-उणे २, ग्राहकांच्या करारात छापलेलं. मी अर्धा अंश वर नेला तरी बीएमएसवर (इमारतीच्या देखरेखीच्या सिस्टिमवर) अलार्म, अलार्मचा ईमेल ग्राहकाला, आणि सकाळी माझी मीटिंग.

दादा, पंख्यांचं मला मान्य आहे. पण ती फाइल माझ्या हातात नाही. त्याला बजेट लागतं, मशीन एकेक करून बंद करायला ग्राहकांची परवानगी लागते, वॉरंटीचं भांडण आहे. दिव्याचा एमसीबी माझ्या हातात आहे. आग जिथे लागली तिथे बंब नेता येत नसेल तर माणसाने निदान घरातली चूल तरी विझवावी ना?

(दहा पीएसी आणि साडेसातची मोटर, दोन्ही बरोबर. तुम्ही आमच्याकडे येऊन गेलाय का?)

---

चोक_आणि_स्टार्टर | रविवार, संध्याकाळी ६:५०

मी आता रिटायर आहे, ठाण्यात असतो. ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, त्यातली शेवटची अकरा डेटा सेंटरमध्ये. रात्रपाळी, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. कार्डाचा लॉग काढायची अक्कल मला सुचली नव्हती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच लॉगमध्ये आहे. एलईडी केले तर ९६ वॅटच्या जागी ३८-४० होतील, वाचले अठ्ठावन्न-साठ टक्के. दिवे फक्त गरजेपुरते लावले तर जुन्या ट्यूबवरसुद्धा त्याहून जास्त वाचतात. म्हणून आधी स्विच, मग दिवा. लोक उलटं करतात, कारण एलईडीचं बिल दाखवता येतं. २०१५ पासून सरकारी उजाला योजनेचे बल्ब खेड्यापाड्यात पोचले, गावच्या म्हातारीला एलईडी कळला, आणि कोट्यवधींच्या हॉलमध्ये अजून तांब्याचा चोक! पण तरीही आधी स्विच. शिवाय ५०,००० तासांचा एलईडी चोवीस तास चालवला तर पावणेसहा वर्षांत संपला. गरजेपुरता लावलात तर हॉल मोडीत निघेल, दिवा नाही.

आता सेन्सर. इथे मी हात पोळून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच्या एका ठिकाणी (नाव नको) मीच हौसेने पीआयआर सेन्सर (माणूस हलला की दिवा लावणारे) बसवले होते. कोल्ड आइलमध्ये (सर्व्हरच्या तोंडाकडच्या गार वाटेत) छान चालले. हॉट आइलमध्ये (पाठीमागच्या गरम वाटेत) एक मुलगा शिडीवर बसून मागच्या बाजूची केबल ओढत होता. पाच मिनिटं झाली, दिवे गेले. त्याने हात हलवला, काही नाही. जोरात हलवला, काही नाही. शेवटी मोबाइल दातात धरून त्याच्या उजेडात त्याने पॉवर कॉर्ड उपटली, शेजारच्या सर्व्हरची. नशीब, त्या सर्व्हरला दोन कॉर्ड होत्या, दुसरीवर तो जगला. पण अलार्म गेला, ग्राहक आला, आणि मी तीन पानांचा खुलासा लिहिला.

कारण मला दोन दिवसांनी कळलं, आणि कळलं तेव्हा स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटली. पीआयआर माणूस बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो. माणसाचं अंग आणि कपडे तेहतीस-पस्तीस अंश. हॉट आइलची हवा आणि रॅकची मागची दारं छत्तीस-सदतीस. फरकच नाही, मग त्याला दिसणार काय? त्या सेन्सरच्या लेखी तो मुलगा तिथे नव्हताच. हॉट आइलला मायक्रोवेव्हचा सेन्सर लागतो, नाहीतर दोन्ही एकत्र असलेला. पण मायक्रोवेव्हचीही खोड आहे. तो काचेतून, पातळ पार्टिशनमधून पलीकडचं बघतो. कंटेनमेंटचे प्लास्टिकचे पडदे हवेने हलले तरी त्याला माणूस आल्यासारखं वाटतं आणि दिवे जातच नाहीत. दुसरं, हॉट आइलच्या वर दिवा लावाल तर त्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) लवकर मरेल. आतला कपॅसिटर दर दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावतो.

सेन्सरशिवाय एक गावठी उपाय सांगतो. जुन्या हॉलचं वायरिंग बहुधा आर-वाय-बी (लाल, पिवळा, निळा हे तीन फेज) असं आलटूनपालटून केलेलं असतं, एक फेज गेला तरी काळोख होऊ नये म्हणून. तुमचं तसंच असेल, बघून घ्या. असेल तर आर कायम चालू ठेवा. वाय आणि बी दोन कॉन्टॅक्टरवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर) घ्या, टायमर लावा, दाराशी पुशबटण. बटण दाबलं की अर्धा तास पूर्ण उजेड. वेळ संपताना आधी वाय जाऊ दे, पाच मिनिटांनी बी. म्हणजे आतल्या माणसाला कळतं की बटण पुन्हा दाबायला हवं, आणि काळोख तर कधीच होत नाही. एमसीबी हाताने रोज पाडू नका. तो स्विच नव्हे, वर्षभरात ढिला होईल.

ही काही माझी अक्कल नाही. टीआयए-९४२ या डेटा सेंटरच्या स्टँडर्डच्या २०१२ च्या आवृत्तीत तीन पायऱ्या दिल्यात: हॉल रिकामा तेव्हा कॅमेऱ्यापुरता उजेड, कुणी आलं की वाटेपुरता, काम करताना पूर्ण. पूर्ण म्हणजे आडवे ५०० लक्स आणि उभे २००. तुमचे उभे ४५ म्हणजे पैसे भरूनही नापास.

आणि एक विसरू नका. ते पुशबटण ईपीओच्या (आणीबाणीत सगळी वीज तोडायच्या) आणि आग विझवायचा गॅस थांबवायच्या बटणाच्या शेजारी अजिबात लावू नका. दाराजवळ आधीच तीन बटणं असतात. चौथं लावलं की कधीतरी, कुणीतरी, घाईत...

---

कॅमेरा_नंबर_१७ | रविवार, रात्री ११:२०

तुमचे साहेब कॅमेऱ्याचं म्हणाले त्यात तथ्य आहे, म्हणून लिहितोय. मी सीसीटीव्ही बसवतो, रबाळे-ऐरोली पट्ट्यात बरंच काम केलंय.

पूर्ण अंधार केलात तर कॅमेरा आयआरवर (इन्फ्रारेडवर) जातो. समोर जाळीचं दार किंवा कंटेनमेंटची काच असली की आयआर त्यावरून परत येतो आणि पडद्यावर मधोमध पांढरा भोपळा दिसतो. त्यामागे हत्ती उभा असला तरी कळणार नाही. दुसरं म्हणजे चित्र काळं-पांढरं होतं. तुमच्याकडे व्हेंडरला लाल पट्टा, ग्राहकाला निळा, असं काहीतरी असणारच. आयआरमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. चौकशी झाली की हेच विचारतात, आत कोण होता, लाल की निळा.

चोककाकांचा एक फेज कायम चालू ठेवण्याचा उपाय म्हणूनच योग्य. एक तृतीयांश पट्ट्यांवर आजचा कुठलाही बरा कॅमेरा रंगीत चित्र देतो. बदलायच्या आदल्या रात्री वाय-बी पाडून सगळ्या कॅमेऱ्यांचं पाच-पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग काढा आणि सिक्युरिटीवाल्यांची सही घ्या. नंतर उगाच तुमच्या अंगाशी नको.

---

लिफीकाठची | सोमवार, पहाटे ४:१५

मी मूळची नाशिकची, गोदाकाठची. सात वर्षं झाली, डब्लिनला डेटा सेंटरमध्ये आहे. धागा वाचून राहवलं नाही.

हो, हॉल अंधारात चालतो. स्लाइड नाही, खरंच. आमच्याकडे दार उघडलं की समोर नुसते हिरवे-निळे एलईडी लुकलुकतात. दिवाळीत आकाशकंदील लावायच्या आधीचं अंगण असतं ना, तसं. आपण चालू लागलो की डोक्यावरचे दिवे एकेक टप्प्याने पुढे लागत जातात, मागचे मंद होतात. पहिल्या दिवशी मला भीती वाटली होती. आता उजेडात असलेला हॉल दिसला की वाटतं, काहीतरी बिघडलंय.

रॅकसुद्धा पांढरे आहेत. काळा रॅक उजेड पिऊन टाकतो, पांढरा परत देतो, तेवढ्याच दिव्यात खालचा यू दिसतो. रात्रपाळीदादा, तुम्हाला जुने रॅक रंगवता येणार नाहीत, पण नवीन रांग येईल तेव्हा हट्ट धरा.

इथे विजेचा विषय घराघरात आहे. २०१५ मध्ये आयर्लंडच्या मीटरवरच्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटर घेत होती, २०२३ मध्ये २१ टक्के. शहरांतली सगळी घरं मिळून १८. टॅक्सीवालासुद्धा "कुठे काम करतेस" विचारतो आणि उत्तर ऐकून गप्प होतो. डब्लिनच्या आसपास नवीन जोडण्या तर मध्यंतरी काही वर्षं अडल्याच होत्या. जगाचं बघितलं तर आयईएच्या (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या) अंदाजाने २०२४ मध्ये डेटा सेंटरनी ४१५ अब्ज युनिट घेतले, जगाच्या विजेच्या दीड टक्का. योगायोग बघा, तुमच्या हॉलमध्ये दिव्यांचा वाटा जवळपास तोच!

एक तिरकी गोष्ट सांगते. आमच्याकडे बाहेरची थंड हवा आत घेऊन काम भागतं, पीयूई १.२ च्या आसपास. तुमच्या त्या ३८० किलोवॅटच्या लोडला इथे एकूण ४५६ लागतील. त्यात तुमच्या पट्ट्या लावल्या तर दिव्यांचा वाटा दोन टक्के होईल. दिवे तेच, युनिट तेच, पण बाकीचा पसारा आवरला म्हणून ते डोळ्यावर येतात. तुमच्या साहेबांचा "दीड टक्का" हा दिव्यांचा चांगुलपणा नाही. कूलिंग इतकं खातंय म्हणून तो लहान दिसतो. (हे त्यांना असंच सांगू नका.)

---

चोक_आणि_स्टार्टर | सोमवार, सकाळी ८:०५

ताई, अंगणाची उपमा आवडली.

अंधारावरून आठवलं. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर भरलेली टाकी समुद्राच्या तळाशी सोडली होती, आत नायट्रोजन भरून. २०२० ला वर काढली तेव्हा बिघाड जमिनीवरच्या सर्व्हरच्या एक-अष्टमांश निघाले. दोन वर्षं आत माणूस गेला नाही, कुणी हात लावला नाही. सर्व्हरला उजेड नको असतो, माणूसही नको असतो. दोन्ही आपल्याला हवे असतात.

---

रात्रपाळी_महापे | साडेतीन महिन्यांनी, शनिवार, रात्री ३:२५

मंडळी, धागा वर काढतोय. सांगायला उशीर झाला, कारण काम दोन रात्रींचं होतं आणि त्याची परवानगी पाच आठवड्यांची.

वायरिंग खरंच आर-वाय-बी निघालं. ज्या वायरमनने २०१० मध्ये ते केलं त्याला माझा दंडवत, एका ठिकाणीसुद्धा चुकला नाही. आर फेजच्या ३२ पट्ट्या यूपीएसवरच्या फीडरवर होत्या, त्या तशाच ठेवल्या. डीजी (जनरेटर) येईपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत काळोख नको म्हणून. वाय आणि बीला कॉन्टॅक्टर, ऑफ-डिले टायमर, दोन्ही दारांना पुशबटण. काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी वाय जातो, पाच मिनिटांनी बी. सामान आणि केबल मिळून साडेतेरा हजार. मजुरी नाही, आम्हीच केलं.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आधी काढलं. २३ पैकी दोन कॅमेरे रंगीत दिसेनात, कोपऱ्यातले. तिथल्या दोन पट्ट्या आर फेजवर ओढल्या. सिक्युरिटीची सही घेतली. भाऊ, त्या सहीने मला एकदा वाचवलंय, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

मीटर: आधी रोजचे २२१, आता १०४. माझा कागदावरचा हिशेब ९८ चा होता. वरचे सहा युनिट कुठे जातात तेही कळलं. हाउसकीपिंगची मावशी आत येताना बटण दाबते आणि बाहेर पडतानाही दाबते, सवयीने, घरच्या दिव्यासारखं. तिला दोनदा सांगितलं. आता सांगत नाही. तिचा हेतू बंद करायचाच आहे.

११७ युनिट रोजचे, वर्षाचे ४२,७०० च्या आसपास. आमचं बिल सगळे आकार धरून युनिटला दहा रुपयांच्या आगेमागे पडतं, म्हणजे सव्वाचार लाख. साडेतेरा हजारांवर. साहेबांनी हा आकडा वरच्या मीटिंगमध्ये दाखवला, माझं नाव घेतलं की नाही ते माहीत नाही.

पंखेवाले दादा, तुमचे ३३ पैसे मी खरंच शोधले. महिनाभराचा पीएसीचा डेटा काढून बसलो. सापडले नाहीत. हिशेबाने दीड किलोवॅट कमी व्हायला हवा, पण बाहेर दोन अंश ऊन वाढलं की कॉम्प्रेसर त्याच्या कितीतरी पट हलतो. आमच्याकडे तेव्हा मार्च संपून एप्रिल लागला होता. तुमचं नाव बदलायची गरज नाही. ब्लँकिंग पॅनल मात्र लावले, १४० रिकाम्या यूंना. एका पीएसीला व्हीएफडी (पंख्याचा वेग बदलणारं यंत्र) लावून बघतो म्हटलं तर नाही मिळाली परवानगी. त्यावर वेगळा धागा काढेन, तुम्ही तयारीत राहा.

एलईडी फक्त दोन रांगांना केले, नमुना म्हणून. २० वॅटच्या दोन ट्यूब, चोक काढून टाकून. काही जण चोक तसाच ठेवून एलईडी ट्यूब खोचतात, तसं करू नका, तो फुकट खात बसतो. ड्रायव्हर ०.९ च्या वर पॉवर फॅक्टरवालेच मागवले. खरा बदल वेगळाच आहे. पट्ट्या फिरवून आइलच्या लांबीत, बरोबर मधोमध टांगल्या. गुडघ्याच्या उंचीचे उभे ४५ लक्स होते ते १६० झाले, निम्म्याहून कमी विजेत. काका, २०० नाहीत, अजून नापासच. पण परवा एक इंजिनिअर खालच्या यूसमोर बसला, डोक्याचा टॉर्च लावला, मग जरा थांबून काढून खिशात ठेवला.

बटणाचं मात्र काकांचं ऐकूनसुद्धा घोळ झाला. ईपीओपासून दूर, दाराच्या दुसऱ्या बाजूला लावलं, निळ्या रंगाचं, वर झाकण. पहिल्या आठवड्यात तिघांना वाटलं ते दार उघडायचं बटण आहे. दाबायचे, दिवे लख्ख व्हायचे, दार बंदच. मग पुन्हा दाबायचे. आता त्याखाली कुणीतरी मार्करने लिहून ठेवलंय, "हे दार नाही, हा दिवा आहे". अक्षर माझं नाही.

हॉट आइलच्या सेन्सरचं अजून राहिलंय. मायक्रोवेव्हवाला, पडद्याच्या हालचालीला न फसणारा, कुणी वापरलाय का?